कित्त्यापासून निबंधापर्यंत

मुलाला अक्षर काढायला शिकवणे आणि त्याला लिहायला शिकवणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या महाराष्ट्रात शेकडो वर्षे चालत आली. दुसरीला जेमतेम पावणेदोनशे वर्षे झाली आहेत. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी आज कष्टकऱ्यांची मुलेमुलीही शाळेत जातात, निबंधाची वही बाळगतात. त्या वहीत काय असावे, याचा विचार करू लागलो म्हणजे हा मागचा इतिहास एकवार डोळ्यांखालून घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इंग्रजी अमलापूर्वी पंतोजी कुणाच्या ओसरीवर वा देवळात शाळा भरवीत. मुले धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, पुढे बोरूने मोडीचा कित्ता काढीत. पाढे, हिशेब आणि पत्राचे मायने आले की विद्या पुरी झाली. मोडी हात न उचलता लिहायची. शब्द तोडण्याची किंवा विरामचिन्हे घालण्याची चाल नव्हती. मुलाने आपल्या मनातले चार शब्द स्वतः मांडावेत, अशी अपेक्षा कुणी करीत नसे. शिवाय या शाळेचा उंबरठा मुलींना आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना बंद होता.

याच काळात कळसच्या शेजारी, बारामतीत, मराठी भाषेने अलंकारांचे एक शिखर गाठले. कवी मोरोपंत (१७२९–१७९४) हे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले. त्यांनी रामकथा शंभरावर प्रकारांनी रचली. ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर न वापरता लिहिलेले ‘निरोष्ठ रामायण’ ही त्यांतलीच एक करामत. पुढे १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह सिद्ध केला आणि पंतांची कविता शाळेच्या बाकावर येऊन बसली. पंतांची योग्यता मोठी, यात शंका नाही. परंतु मुलांच्या मनावर एक समजूत मात्र ठसत गेली, की जे अवघड आणि नटलेले, तेच चांगले लेखन.

मराठी गद्याची घडीही त्याच सुमारास बसत होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली निघाले. मोल्सवर्थसाहेबांना कोशाच्या कामी हातभार लावणाऱ्या मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध केली, आणि वाक्य कोठे थांबते हे मराठी वाचकाला डोळ्यांनी दिसू लागले. सरकारी शालेय पुस्तकांची भाषा तपासण्याचे कामही कँडींकडेच होते. नियम आले, चिन्हे आली, छापील पुस्तके आली. आता प्रश्न उरला तो एवढाच, की या नव्या साधनांनी मुलांनी सांगायचे काय?

त्याचे उत्तर एका शाळकरी मुलीने दिले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या ‘ज्ञानोदय’ पत्राने तो १८५५ च्या १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापला. आपल्याला धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई आहे, तर मग आपला धर्म तरी कोणता, असा सवाल तिने त्यात थेट देवालाच घातला. पेशवाईत आपल्या लोकांना कसे वागवीत, हे तिने प्रसंगांनिशी सांगितले. निवाऱ्यावाचून थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिने लिहिले, आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकण्याविषयी कळकळीने विनवले.

शिक्षकाच्या दृष्टीने हा निबंध पाहिला म्हणजे चांगल्या लेखनाचे गुण वेगळे शिकवावे लागत नाहीत. ती जाणते तेच लिहिते. ‘दुःख फार मोठे आहे’ असे मोघम न म्हणता दुःख कोठे, कुणाला आणि कसे, हे ती दाखवते. तिचे एक विधान दुसऱ्याला हात धरून पुढे नेते. आपण कुणाशी बोलत आहोत, याचा तिला क्षणभरही विसर पडत नाही. अलंकार शोधायला ती थांबत नाही, कारण सांगण्याची निकड तिच्यापाशी आहे. अनेक विद्वानांचे ग्रंथ कपाटात राहिले. तीन वर्षांच्या शिक्षणावर लिहिलेला हा निबंध आजही वाचला जातो.

मात्र शाळांनी हा धडा लगेच गिरवला असे झाले नाही. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघू लागली. मराठी निबंधाला तिने ऐट दिली आणि भाषेचा अभिमान दिला, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण याच मालेतून शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या मराठीतील व्याकरणाच्या चुकांची थट्टाही केली. शुद्ध कोण लिहितो आणि खरे कोण लिहितो, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आमच्या मते या दोहोंत भांडण असण्याचे कारण नाही. शुद्धलेखन हवेच, खरे बोलणाऱ्याचे बोलणे अडखळू नये म्हणून हवे. पण ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही, त्याला व्याकरण काय देणार?

आपल्या ख्रिस्ती परंपरेने या बाबतीत फार पूर्वी एक वाट घालून दिली आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी इतकी आपलीशी केली, की ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्या त्यांनी या भाषेत रचल्या. ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. आपण मराठीतील अवघड शब्द टाळून, लोकांना समजावे म्हणून तेथल्या बोलीतले सोपे शब्द घेतले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ नमूद केले. एवढ्या व्युत्पन्न माणसाने वाचकासाठी आपली विद्वत्ता बाजूला ठेवली. लक्ष्मीबाई टिळकांनी तर शाळेचे तोंड फारसे न पाहता, घरातल्या बोलीत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेले ते पुस्तक मराठी गद्याचे भूषण मानले जाते. आणि या सर्वांच्या मागे साक्षात प्रभू येशूचे दाखले आहेत. पेरणारा, मोहरीचा दाणा, खमीर, हरवलेले मेंढरू! स्वर्गाचे राज्य सांगायला प्रभूने रोजच्या व्यवहारातले शब्द पुरेसे मानले.

आता आजच्या वहीकडे वळू. बाजारात तयार निबंधांची पुस्तके मिळतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘शेतकऱ्याचे मनोगत’ मुले त्यांतून पाठ करतात. धुळपाटीवरचा कित्ता गेला खरा, पण नव्या रूपात तो परत आला आहे. कळसच्या परिसरातील मुलाने शेतकऱ्याचे मनोगत पाठ का करावे? कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली म्हणजे घरात काय धांदल उडते, हे त्याला ठाऊक असते. याच इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. धरण १९८० साली पूर्ण झाले. पळसदेवचे जुने देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते. ते पाहून ज्या आजीला आपले बुडालेले घर आठवते, तिच्या नातवाने छापील पुस्तकातला सूर्योदय उतरवून काढावा, ही खेदाची गोष्ट आहे. आजी गेली की ते गाव दुसऱ्यांदा बुडेल. तिचे बोलणे लिहून ठेवणारा हात घरातच आहे. त्याला कुणी तसे सांगितले पाहिजे, इतकेच.

हे काम केवळ शिक्षकांचे नाही. ख्रिस्ती घरांत संध्याकाळी रोझरीनंतर कुटुंब एकत्र बसते. त्या वेळी मुलाला विचारावे, “आज काय पाहिलेस? कसे होते ते? मला दिसेल असे सांग बरे.” त्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत लिहू द्यावे, काना-मात्रा मागाहून सुधाराव्यात. मग लिहिलेले मोठ्याने वाचायला लावावे, म्हणजे वाक्य कोठे अडते ते त्याच्याच कानाला कळेल. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. जे पाहिले नाही, ते पाहिल्यासारखे लिहिणे हीही एक लहानशी खोटी साक्षच नव्हे काय?

मुक्ताला वही मिळाली तेव्हा तिने आपल्या लोकांची खरी साक्ष दिली. आपल्या मुलांच्या हाती तर वही केव्हाच आली आहे. त्यांना दुसऱ्याचे शब्द गिरवण्यापासून मोकळे करणे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.