पानांवरची खार

कुंडीतल्या जास्वंदीची पाने एखाद्या सकाळी हाताला चिकटू लागतात, खालच्या फरशीवर चकचकीत ठिपके उमटतात, आणि 'झाडाला डिंक सुटला' असा निर्णय घरात दिला जातो. शहरातल्या गॅलरीत हा केवळ कुतूहलाचा विषय असतो. परंतु देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावी हाच चिकटा हापूसच्या कलमांवर दिसला, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा प्रश्न उभा राहतो. कोकणात याला 'खार' म्हणतात. मोहोर फुललेला असावा, मळभ दाटावे, आणि पाने आधी चकाकून मग काजळावीत, हे दृश्य तेथील बागायतदाराच्या चांगल्या परिचयाचे आहे. मळभ आणि खार अशी जोडीने येत असल्यामुळे ती आभाळातूनच उतरते असे एखाद्याला वाटले, तर त्यात नवल नाही.

जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही तसेच वाटले होते. इ. स. ७९ मध्ये मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहाटे पानांवर दिसणाऱ्या या मधाविषयी लिहिले आहे. तो आकाशाचा घाम असावा की ताऱ्यांची लाळ, असा त्याला प्रश्न पडला. पुढे १७३७ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर याने मावा नावाच्या किडीचे बारकाईने निरीक्षण करून, हा गोड रस तिच्याच शरीरातून बाहेर पडतो असे नमूद केले. तरीही जुना समज मागे हटला नाही. १७८३ च्या जून महिन्यात गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकाच्या बागेतील वेली चिकट रसाने माखल्या. त्याच वेलींवर काळा मावा बसलेला त्याने पाहिला आणि तसे लिहूनही ठेवले. परंतु कारण सांगताना त्याची दृष्टी वर गेली : दिवसा उन्हाने फुलांचा सुगंधी अंश हवेत चढतो आणि रात्री दवाबरोबर खाली येतो, असे त्याने ठरविले. गुन्हेगार समोर उभा असता आरोप आभाळावर ठेवला गेला! अखेर विल्यम कर्टिस या वनस्पतिशास्त्रज्ञाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने या मधाचे एकमेव कारण मावा हेच होय, असे निःसंदिग्धपणे मांडले.

मग कीड आपले अन्न असे वाया का घालविते? पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून झाडभर जाते. या रसात साखर विपुल, पण शरीर घडविणारी नत्रयुक्त द्रव्ये अल्प असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून किडीला पुष्कळ रस घ्यावा लागतो आणि जादा साखर टाकून द्यावी लागते. १९५३ साली केनेडी व मिट्लर यांनी रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापून पाहिली. झाडात रुतलेल्या तुकड्यातून रस आपोआप पाझरत राहिला. यावरून हा रस दाबाखाली वाहतो आणि किडीच्या तोंडात जवळजवळ स्वतःहून चढतो, हे स्पष्ट झाले.

कुंडीत हे काम मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड करते. आंब्यावर ते तुडतुडे करतात. ढगाळ, दमट हवा त्यांना मानवते; मळभाचा संबंध आहे तो एवढाच. एरंडासारख्या काही वनस्पतींच्या देठांवर स्वतःच्या मधुग्रंथी असतात, हा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. सांडलेल्या साखरेसाठी मुंग्या येतात आणि पुष्कळदा किडीची राखणही करतात. त्याच साखरेवर काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, पण उन्हाची वाट अडविते. खरी हानी तुडतुड्यांनी मोहोराचा रस शोषल्याने होते. मोहोर सुकतो, फळ धरत नाही.

म्हणून नुसती काजळी पुसणे व्यर्थ होय. घरच्या कुंडीत पानाची खालची बाजू पाहावी, ती पाण्याने धुवावी, सौम्य साबणाचे पाणी लावावे. कलमांची दाटी विरळ करून आत ऊन खेळू द्यावे. फुललेल्या मोहोरावर सरसकट विषारी फवारा मारल्यास परागीकरण करणाऱ्या माश्याही मरतात आणि बागायतदार आपल्याच हाताने फळधारणा घटवितो. शेकडो वर्षे माणसाने ज्याचे उत्तर ताऱ्यांकडे मागितले, ते पान उलटताच हाती येणारे होते. मिठबावच्या बागेत आजही वेळीच उलटून पाहिलेले एक पान मोसमाचे उत्पन्न वाचवू शकते.