आजची फुल-फ्रेम एकेकाळी फार छोटी फ्रेम होती

फील्डवर्कला निघण्याआधी ज्युनिअर्सकडून एक प्रश्न हमखास येतो: फुल-फ्रेम बॉडी आणि दोन-तीन लेन्स न्यायच्या, की एकच लेन्स कायमची बसवलेला छोटा कॅमेरा पुरेल? मी उलट विचारते, "फुल-फ्रेम म्हणजे नक्की काय?" २४ × ३६ मिलिमीटर, एवढं सगळ्यांना येतं. हा आकार आला कुठून, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. तो खांद्यावरचं ओझं कमी करायलाच जन्माला आला होता.

जर्मनीतल्या वेट्झलर गावात अर्न्स्ट लाइट्झ यांची कंपनी सूक्ष्मदर्शक बनवायची. ऑस्कर बारनाक १९११ मध्ये तिथे आले. त्याआधी ते येना इथे झाइसमध्ये होते. त्यांना डोंगरात फिरायची आणि फोटो काढायची हौस होती, पण दम्याचा त्रासही होता. त्यांच्याकडचा कॅमेरा १३ × १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटांचा. जरा हिशोब करून बघा. काच दीड मिलिमीटर जाडीची धरली तर एक प्लेट साधारण ८८ ग्रॅम भरते, म्हणजे डझनभर प्लेटांचं वजन किलोच्या वर. कॅमेरा, प्लेटांचे होल्डर आणि तिवई वेगळीच. दमेकऱ्याने हे सगळं घेऊन चढण चढायची!

बारनाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म घेतली, ती आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट धरली: २४ × ३६. १९१४ पर्यंत खिशात मावणारा नमुना तयार होता. ही चौकट १३ × १८ च्या प्लेटपेक्षा क्षेत्रफळाने २७ पट लहान आहे. प्लेटवरून तेवढ्याच आकाराचा प्रिंट थेट काढता यायचा. इथे मात्र निगेटिव्ह मोठी करून छापल्याशिवाय काही दिसणार नव्हतं. त्यामुळे लेन्सचा प्रत्येक दोष आणि फिल्मचा प्रत्येक कण मोठा होऊन समोर येणार होता. जाणकारांना हे खेळणं वाटलं असेल तर नवल नाही.

पण थोडं भौतिकशास्त्र लावून पाहू. कर्णांचं गुणोत्तर साधारण ५.१ येतं. छोट्या कॅमेऱ्यात एफ/३.५ वर जितकी खोली स्पष्ट दिसते, तितकीच मोठ्या प्लेटवर हवी असेल तर जवळपास एफ/१८ लागेल. फिल्म आणि प्लेट सारख्याच संवेदनशील धरल्या तर एक्स्पोजर सुमारे २६ पट वाढतं. जिथे छोट्याला १/२५ सेकंद पुरतो, तिथे मोठ्याला एक सेकंद लागतो. एक सेकंद म्हणजे तिवई आलीच, आणि चालणारा माणूस फोटोत पुसट होणार. वजन कमी झालं ते झालंच, पण कशाचा फोटो काढता येतो हेही बदललं. बारनाक यांनी १९२० मध्ये वेट्झलरच्या पुराचे फोटो काढले ते याच छोट्या नमुन्यावर.

आता संशोधनाची सवय म्हणून एक थांबा. कॅमेऱ्याच्या जन्माच्या दोन कथा सांगितल्या जातात. एक दम्याची आणि डोंगराची. दुसरी अशी, की सिनेमाच्या फिल्मचं एक्स्पोजर आधी तपासून बघण्यासाठी हे उपकरण केलं. पहिली कथा गोड आहे, म्हणूनच सावध राहा. कॅमेरा गाजल्यानंतर सांगितलेली आठवण आणि १९१४ चं प्रत्यक्ष यंत्र हे दोन वेगळ्या वजनाचे पुरावे आहेत. माझं मत विचाराल तर दोन्ही कथा एकमेकींना खोटं पाडत नाहीत. कारखान्यातल्या माणसाला कामाचं आणि हौसेचं कारण एकाच वेळी असू शकतं.

पुढे महायुद्ध आलं, मग जर्मनीतली भयंकर महागाई. धाकटे अर्न्स्ट लाइट्झ यांनी १९२४ मध्ये उत्पादनाचा धोका पत्करला आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत लाइका लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा मिळून लाइका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. त्या पहिल्या लाइकाची लेन्स काढता येत नव्हती! माक्स बेरेक यांनी रचलेली ५० मिलिमीटर, एफ/३.५ ची लेन्स आत सरकून बसायची, म्हणून कॅमेरा खिशात जायचा. न निघणाऱ्या लेन्सचा दुसरा फायदाही मोठा होता. इतक्या छोट्या निगेटिव्हवर लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर किंचित चुकलं तरी मोठा प्रिंट धूसर येतो. लेन्स कायमची असली की हे अंतर कारखान्यातच एकदा जुळवता येतं. १९३० मध्ये बदलत्या लेन्सचा लाइका आला, तेव्हा ही अडचण लगेच उघडी पडली: सुरुवातीच्या लेन्स त्या-त्या बॉडीला वेगळ्या जुळवून घ्याव्या लागत. कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीवर चालेल असं प्रमाणीकरण त्यानंतर झालं.

म्हणून "फिक्स्ड लेन्स म्हणजे तडजोड" असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. २०११ मध्ये बाजारात आलेल्या फुजीफिल्म एक्स१०० चा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा सुमारे २.३ पट लहान आहे, आणि त्यावर आपण रात्र-रात्र वाद घालतो. बारनाक २७ पट खाली उतरले होते. तुमच्या फील्डवर्कमध्ये दूरचे पक्षी असतील तर मोठी लेन्स न्यावीच लागेल, तिथे इलाज नाही. माणसं, घरं, अवजारं, बाजार टिपायचे असतील, तर निघण्याआधी बॅग भरून एकदा वजनकाट्यावर ठेवा आणि मग ती घेऊन तीन जिने चढून बघा.