आपत्काल आणि कारागृह : एका उपेक्षित कर्तव्याचा इतिहास



दाल बाजारातील या सभेत तुरुंगाचा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्वाल्हेरकरांना हा विषय परका नाही. ज्या किल्ल्याच्या सावलीत आपण वाढलो, तो मोगल अमदानीत राजबंद्यांचा किल्ला म्हणून हिंदुस्थानभर ओळखला जाई. गुरु हरगोविंद येथे अटकेत होते. औरंगजेबाने आपला भाऊ मुराद यास येथेच कोंडले आणि १६६१ साली त्याचा वध करविला. आपल्या इतिहासलेखनात तुरुंग येतो तो असा, वधाच्या नाहीतर पलायनाच्या कथेतून. आग, पूर, साथ वा पडझड झाली तेव्हा आतल्या माणसांचे काय झाले, हे बखरकारांनी विचारले नाही. आपणही क्वचितच विचारतो.

भाषेच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. ‘तुरुंग’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, असे सामान्यतः मानतात. मूळ शब्दाचा अर्थ झाडाचे खोड, आणि त्यावरून पाय अडकविण्याचा लाकडी खोडा. मराठीतही खोड आणि खोडा हे शब्द शेजारीच नांदतात. खोड्यात पाय असलेला मनुष्य घर पेटले तरी उठू शकत नाही. त्याला वाचविण्याचे काम सर्वस्वी कोंडणाऱ्याचे होते. माझे आजचे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे सातवे कलम पाहावे. कैद्यांची संख्या सुरक्षित मर्यादेपलीकडे गेली, आत साथ उद्भवली, किंवा अन्य कोणत्याही कारणाने आवश्यक झाले, तर तात्पुरती कारागृहे उभारून कैद्यांची सोय करावी, असे त्यात सांगितले आहे. कायदा होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच मुंबईत त्याची कसोटी लागली. १८९७ च्या जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनी त्याच महिन्याच्या १० तारखेस आपली नवी लस स्वतःला टोचून घेतली होती. तुरुंगातील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी ती घेतली. त्यांच्यापैकी २ जण आजारी पडले, मृत्यू एकही नाही; न घेतलेल्यांपैकी १२ आजारी पडले, ६ दगावले. वैद्यकाच्या इतिहासात हा प्रयोग गौरवाने सांगितला जातो, आणि तो गौरव योग्यच आहे. तरीही प्लेगने घेरलेल्या कोठडीतील माणसाच्या ‘स्वेच्छे’ला किती अर्थ असतो, हा प्रश्न उरतो. शहरातील लोक गावी पळत होते. याला पळण्याची वाट नव्हती.

हीच कोंडी सव्वाशे वर्षांनी पुन्हा दिसली. २०२० च्या मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ७७ बंदी आणि २६ कर्मचारी करोनाबाधित आढळले. ८०४ जणांसाठी बांधलेल्या त्या वास्तूत त्याच्या तिपटीहून अधिक माणसे होती. कच्च्या कैद्यांना सोडण्याचा विचार प्रत्येक राज्याने समिती नेमून करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च रोजीच सांगितले होते. पुढे महाराष्ट्रात शाळा-वसतिगृहांच्या इमारतींतून तात्पुरती कारागृहे निघाली. जुन्या कलमाची आठवण झाली, पण रोग आत शिरल्यावर.

पाण्याचीही तीच कथा. सांगलीचा तुरुंग गणेशदुर्गात आहे. १९४३ च्या २४ जुलैस वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी तो फोडून खंदकात उडी घालून निसटले, हा प्रसंग मराठी घराघरांत ठाऊक आहे. मात्र २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी त्याच तुरुंगात शिरले आणि बंद्यांना वरच्या मजल्यावर हलवावे लागले, हे सांगलीबाहेर किती जणांच्या स्मरणात आहे? परदेशातही फार वेगळे घडत नाही. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या तुरुंगात हजारो बंदी होते. शहर रिकामे करण्याचा हुकूम निघाला, तुरुंग मात्र रिकामा झाला नाही. माणसे छातीभर पाण्यात कोठड्यांत अडकली.

आता आपल्या दाराशी येऊ. ३१ जुलै २०२१ च्या पहाटे, भर पावसाळ्यात, भिंडच्या जिल्हा कारागृहातील एका बराकीची भिंत कोसळली आणि २२ बंदी जखमी झाले. इमारत सुमारे दीडशे वर्षांची असल्याचे सांगण्यात आले. तेथील बंद्यांना हलविण्याचे ठिकाण ठरले ते आपल्या ग्वाल्हेरचे मध्यवर्ती कारागृह. पावसाची चाहूल लागताच दाल बाजारातला व्यापारी पोत्यांवर ताडपत्री ओढतो; पोती स्वतः हलत नाहीत हे त्याला कळते. दीडशे वर्षांची भिंतही काही एका रात्रीत म्हातारी झाली नसेल. पावसाळ्यापूर्वी तिची पाहणी करणे आणि ती बराक रिकामी ठेवणे, या कामाला फार मोठा खजिना लागत नाही.

सर्वांत साधी गोष्ट किल्लीची. २०१२ च्या फेब्रुवारीत होंडुरास देशात कोमायाग्वाच्या तुरुंगाला रात्री आग लागली. कुलपे वेळेवर उघडली गेली नाहीत आणि साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्यात खटला न चाललेलेही पुष्कळ होते. म्हणून येथे वकील, अभियंते, शासकीय अधिकारी म्हणून काम करणारे जे माजी विद्यार्थी बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. कारागृहास भेट देण्याचा प्रसंग आला, तर रात्री बराकीच्या किल्ल्या कोणाच्या हाती असतात, दुसरा जुडगा कोठे आहे, आणि तात्पुरत्या कारागृहासाठी कोणती इमारत आधीच ठरवून ठेवली आहे, हे तीन प्रश्न अधीक्षकांना अवश्य विचारावेत, आणि उत्तर लेखी मागावे.