ठिपका आणि रेषा

अंगणांत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या गृहिणीस कोणी विचारलें, कीं ठिपके मांडले म्हणजे रांगोळी झाली काय, तर ती हंसेल. ठिपके हें रांगोळीचें केवळ मोजमाप. त्यांमधून रेषा कोठून न्यावी आणि कोठें वळवावी हें ठरलें म्हणजेच रांगोळी उमटते. संगणकावरील चित्रांच्या इतिहासांत नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या अक्षरांशीं त्याचा निकटचा संबंध असल्यामुळें तो आमच्या वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

संगणकांतील चित्रें दोन जातींचीं असतात. एका जातींत चित्रावर बारीक चौकोनांची जाळी कल्पून प्रत्येक चौकोनाचा रंग तेवढा नोंदलेला असतो. हिला रास्टर म्हणतात, व त्या चौकोनास पिक्सेल. दुसऱ्या जातींत आकृतीचें गणित नोंदलेलें असतें: अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशा वळणाची रेषा. ही व्हेक्टर. पहिलें चित्र मोठें करावें तों त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसूं लागतात. दुसरें भिंतीएवढें केलें तरी रेषा नितळच राहते.

या कथेचे आरंभीचे दोन टप्पे अमेरिकेंत आढळतात. १९५७ सालीं नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत रसेल कर्श व त्यांचे सहकारी यांनीं कर्श यांच्या तान्ह्या मुलाचें छायाचित्र यंत्राकडून वाचविलें. १७६ आडवे व १७६ उभे असे एकंदर ३०,९७६ ठिपके. तेवढ्यांत तें बाळ सामावलें. पुढें १९६३ सालीं आयव्हन सदरलँड यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीस सादर केलेल्या प्रबंधांत स्केचपॅड नांवाची योजना मांडली. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर ओढलेली रेषा यंत्र रेषा म्हणूनच ओळखीत असे.

वक्ररेषेचें शास्त्र मात्र फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत वाढीस लागलें. मोटारीच्या पत्र्याचा डौलदार बांक कारागिराच्या हातास कळे, परंतु यंत्रास तो सांगतां येत नसे. सित्रोएं कंपनींत पॉल द कास्तेल्जो यांनीं १९५९ सालीं उपाय काढला: थोडेसे नियंत्रक बिंदु द्यावे, आणि त्यांवरून सारा बांक गणितानें निघावा. कंपनीनें ही विद्या गुप्त ठेविली. रेनो कंपनीचे पिअर बेझ्ये यांनीं स्वतंत्रपणें तेंच साधून प्रसिद्ध केलें, म्हणून त्या वक्रास नांव त्यांचें पडलें. १९८४ सालीं अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेनें हाच वक्र छपाईंत आणला, व १९८७ सालीं तिच्याच इलस्ट्रेटरनें तो चित्रकाराच्या हातीं दिला.

आतां ठिपक्यांची रेषा करावयाची कशी? प्रथम हें काम माणसांनींच केलें. हॅम्बुर्ग येथें पीटर कारो यांच्या इकारुस पद्धतींत अक्षराच्या मोठ्या रेखाटनावर कोपरे व वळणें यांच्या खुणा करून ते बिंदु हातानें एकेक टिपून घेत. पुढें यंत्र पुढें सरसावलें. १९९० सालीं फिलिप श्नायडर यांनीं छापलेली रीत अशी: ठिपक्यांवर एक वक्र बसवावा, जेथें तो अधिकांत अधिक ढळला असेल तें अंतर मोजावें, आणि तें मर्यादेबाहेर असल्यास तेथेंच वक्राचे दोन तुकडे करून पुन्हा बसवावे. पीटर सेलिंजर यांच्या २००१ सालच्या पोट्रेस या कार्यक्रमांत आधीं आकृतीभोंवतीं सरळ बाजूंची बहुभुजाकृति काढतात, आणि मग तिच्या प्रत्येक कोनाविषयीं ठरवितात, कीं हा कोपरा ठेवावा कीं बांक करावा. हा निवाडा एका अंकावर अवलंबून असतो, व तो अंक माणसास बदलतां येतो.

सारा प्रश्न या अंकांत आहे. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याचें एखादें जुनें पान घ्या. खिळ्यावर कोरलेलें अक्षर एक, आणि शाई पसरून, कागद दबून उमटलेलें अक्षर दुसरें. मर्यादा फार काटेकोर ठेवली तर यंत्र शाईचा फरकाटाहि अक्षराचा अवयव समजून जसाच्या तसा गिरवितें. सैल सोडली तर बोरूच्या तिरप्या कापाची आठवण ठेवणारा, कोरणाऱ्यानें मुद्दाम राखलेला कोपरा गुळगुळीत होऊन जातो. पहिल्यांत अपघाताला प्रामाण्य मिळतें; दुसऱ्यांत कारागीर नाहींसा होतो. आणि असें अक्षर एकदां नव्या फाँटमध्यें शिरलें, कीं पुढची पिढी त्यालाच अस्सल मानणार.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम चाललें. तेथें संपादकांनीं पाठ निवडला, परंतु वगळलेले पाठभेदहि पानाच्या तळाशीं छापले. रेषा काढणारा हाहि संपादकच होय. त्यानें मूळ रास्टर चित्र जपावें, कोणत्या मर्यादेनें रेषा काढली तें लिहून ठेवावें, आणि कोपरा कीं बांक, हा निर्णय स्वतः डोळे लावून घ्यावा. एवढी शिस्त पाळली तर आजचा निवाडा चुकला तरी उद्यांच्या अभ्यासकास मूळ पानावर परत जातां येईल.