शेतसाऱ्यातला शिक्षणाचा वाटा

पनवेल तालुक्यातील कळंबोली आज लोखंड-पोलाद बाजारासाठी ओळखली जात असली, तरी शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा या प्रश्नाचा इथला इतिहास भातशेतीच्या साऱ्यापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’, म्हणजे रस्ते व शाळांसाठीचा स्थानिक उपकर, वसूल होई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांना मिळे. १८८३ साली ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात गेलेल्या पनवेल तालुक्यातील खातेदाराने सोळा रुपये सारा भरला, की उपकराच्या एका रुपयातून पाच आणे चार पै शाळेच्या वाट्याला येत. मुंबई-पुण्याची सरकारी कॉलेजे मात्र सरकारी तिजोरीतून चालत, आणि त्या तिजोरीचा मोठा आधार हाच शेतसारा होता.

१८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावरच बोट ठेवले : रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि प्राथमिक शिक्षणाची आबाळ होते. तथापि सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. तसे केल्यास शिक्षणाचा प्रसारच खुंटेल, असे त्यांनी बजावले होते. निवेदनाचा हा अर्धा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि कळंबोलीच्या संदर्भात तोच अधिक मोलाचा आहे.

१९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी सुरू झालेल्या फी-सवलतीने, म्हणजेच ‘ईबीसी’ने, खेड्यापाड्यांतील मुलांना कॉलेजचे दार किलकिले झाले. पुढे १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, आणि १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानाऐवजी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कॉलेजचा भार तिजोरीवर होता तेव्हा शेतकऱ्याचा मुलगा तिथवर पोहोचत नव्हता, आणि तो पोहोचू लागला तेव्हा तिजोरीने हात आखडता घेतला. ज्यांच्या शेतांवर नवे शहर उभे राहिले त्यांच्यावर हा दुहेरी अन्याय झाला, असेच म्हणावे लागते.

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतील राखीव जागेवरच्या मुलामागे राज्याने ठरवलेली प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपये होती, तर खासगी अभियांत्रिकीची वार्षिक फी लाखाच्या घरात जाते. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आरक्षित व आर्थिक दुर्बल गटांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली खरी, परंतु त्यातून अभिमत विद्यापीठे, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था, वगळली. कळंबोलीला लागून असलेल्या कामोठ्यातील १९८९चे वैद्यकीय महाविद्यालय २००६पासून अशाच विद्यापीठाचा भाग आहे.