दोन स्वर, एक गळा

‘हेवी मेटल’ हे नाव ऐकताच आपल्यापैकी बहुतेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कानठळ्या बसवणारी गिटार, घशातून काढलेली गुरगुर आणि ड्रमचा धडधडाट, एवढेच आपल्याला त्यात ऐकू येते. पण ज्या संगीताला पन्नास वर्षांहून अधिक काळ जगभरच्या तरुणांनी जीव लावला, त्याची ‘गोंगाट’ म्हणून वासलात लावणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. म्हणून स्वीडनच्या ‘ओपेथ’ या वाद्यवृंदाची ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) ही एकच ध्वनिमुद्रिका घेऊन हा गोंगाट थोडा उलगडून पाहू.

या संगीताचे उगम दोन. पहिला इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच! त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा चढवल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. १९७० साली त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि हेवी मेटलचा खर्ज जगाला ऐकू आला. दुसरा उगम त्याच्या थोडा आधीचा. १९६९ साली ‘किंग क्रिमसन’ने आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत आरंभी फाटलेल्या आवाजाचे, कर्कश गीत ठेवले आणि त्याला लागूनच बासरीचे एक शांत गीत. लांबलचक रचना, बदलते ताल, एकाच बैठकीत परस्परविरोधी भाव, ही ‘प्रोग्रेसिव्ह’ परंपरा.

१९९० च्या सुमारास स्टॉकहोममध्ये उभ्या राहिलेल्या ओपेथने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. त्यांचा गायक, गिटारवादक आणि मुख्य रचनाकार मिकाएल ओकरफेल्ट (जन्म १९७४). ‘ब्लॅकवॉटर पार्क’ ही त्यांची पाचवी ध्वनिमुद्रिका २००० साली गोथेनबर्ग येथे मुद्रित झाली. निर्मितीसाठी त्यांनी ‘पॉर्क्युपाइन ट्री’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या स्टीवन विल्सनला बोलावले. हा माणूस मेटलच्या दुनियेतला नव्हता. त्याने पियानो आणि साथीचे स्वर दिले, आणि प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा करून दिली.

या ध्वनिमुद्रिकेत गीते आठ आणि अवधी तासाहून थोडा अधिक. पहिले गीत गर्जनेने पेटते आणि एकट्या पियानोवर विझते. तिसरे ‘हार्वेस्ट’ आरंभापासून अखेरपर्यंत स्वच्छ, उदास गळ्याने गायिलेले. चौथे ‘द ड्रेपरी फॉल्स’ सुमारे अकरा मिनिटांचे. संथ, गोड स्वरांत बराच वेळ चालते आणि मग गुरगुर अंगावर येते. सातवी रचना दोन मिनिटांचीही नाही, केवळ साधी गिटार आणि पियानो. तिच्या पाठोपाठ बारा मिनिटांचे शीर्षकगीत कोसळते. ही मांडणी योगायोगाची नाही. शांततेची सवय झालेल्या कानालाच आघाताचे वजन कळते आणि आघात सोसलेल्या कानालाच गोडव्याची किंमत. त्यातून विशेष असे की गुरगुरणारा आणि गाणारा, हे दोन्ही गळे ओकरफेल्टचेच. राग आणि शोक ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत, हे त्यामुळे न सांगता पटते.

पुढे खुद्द ओपेथनेच हे दोन रंग वेगळे करून पाहिले. २००२ मध्ये ‘डिलिव्हरन्स’ बहुतांशी जड आणि २००३ मध्ये ‘डॅमनेशन’ पूर्ण मृदू. दोन्ही चांगल्या, पण २०१० साली स्थापनेची वीस वर्षे साजरी करताना लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाजवली ती ‘ब्लॅकवॉटर पार्क’च. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून ओकरफेल्टने नव्या ध्वनिमुद्रिकांतून गुरगुर काढून टाकली. श्रोत्यांत वाद झडले. अखेर २०२४ च्या ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये ती परतली. जोडीतला एक स्वर गेला की दुसऱ्याचा अर्थ बदलतो, हे त्या तेरा वर्षांनी दाखवून दिले.

वाचकहो, हे संगीत आपल्याला आवडलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण दार लावून, कानात यंत्र घालून बसलेला मुलगा केवळ आरडाओरडा ऐकतो आहे असे समजू नका. घरात मोठ्याने बोलता न येणारा त्याचा राग आणि कुणाला न सांगितलेले त्याचे दुःख, दोन्हींना तिथे एका गळ्यात जागा मिळत असेल. या दिवाळीत त्याच्याकडून त्या यंत्राचे एक टोक मागून घ्या. आधी ‘हार्वेस्ट’ ऐका, मग ‘द ड्रेपरी फॉल्स’. आणि गुरगुर सुरू झाली की लगेच टोक काढून देऊ नका. गीत संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसा.