सौंसरचे घर, वाळ्याची ताटी आणि दीड टनाचा एसी

मे महिन्यात सौंसरहून आमच्या साडूभाऊंचा फोन आला. "वडिलांचं घर विकायला काढलंय. त्याआधी डागडुजी करून घेतो. मिस्त्री म्हणतो, वरचा मातीचा माळा उतरवा, फॉल्स सीलिंग करा, तीन खोल्यांत एसी बसवा, भाव चांगला येईल. तुम्ही इतिहासवाले माणूस, तुम्हाला काय वाटतं?"

इतिहास घेऊन बी.ए. झाल्याचा असा उपयोग होईल, असे कचेरीत फायलींवर शेरे मारताना कधी वाटले नव्हते! रजा शिल्लक होती, सौ.लाही बहिणीला भेटायचे होते. निघालो.

आपल्याकडे सौंसर आणि पांढुर्णा ही नावे फारशी कानावर येत नाहीत. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की सत्तरेक किलोमीटरवर सौंसर लागते. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर. संत्री, कापूस आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती गोटमार, ही तिथली ओळख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे मराठी तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत दुसरी भाषा, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. म्हणूनच की काय, तिथे परके वाटत नाही. परके वाटते ते ऊन!

आपला मे महिना घामाचा. तिकडचा भाजणारा. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आणि तिथेच २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ पर्यंत उतरला होता. म्हणजे या मुलखातल्या घराला दोन्ही टोके सांभाळावी लागतात.

साडूभाऊंचे घर ती सांभाळत आले होते. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कवेलू (आपण नळे म्हणतो तेच, आकार वेगळा), आणि कवेलूंखाली लाकडी तक्तपोशीवर मातीचा जाड थर. कवेलू तापतात, पण ती धग थेट खाली येत नाही. मधल्या माळ्यातली हवा आणि माती तिला अडवतात. जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते, ते आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर माणसे अंगणात बाजा टाकून बसलेली असतात. दुपारी मधल्या खोलीत, रात्री अंगणात, थंडीत चुलीशेजारच्या खोलीत, अशी माणसेच हवामानाप्रमाणे घरात फिरत. हिवाळ्याच्या रात्री चुलीतले निखारे शेगडीत घालून आत आणायचे, पहाटे अंगणात शेकोटी. हीच तेव्हाची 'हीटिंग' आणि हेच 'कूलिंग'.

त्याला जोड होती वाळ्याच्या ताट्यांची. दाराखिडक्यांना वाळ्याच्या मुळांचे पडदे लावायचे आणि त्यांवर पाणी मारत राहायचे. ही युक्ती जुनी आहे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने वाळा भरलेल्या बांबूच्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. उन्हाळ्यात अकबराच्या दरबारी मंडळींची ती सोय होती. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी एकोणिसाव्या शतकात या ताटीला यंत्र जोडले. लाकडी पेटी, तिच्या तोंडांना ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायचा पंखा. नाव ठेवले 'थर्मँटिडोट', म्हणजे उष्णतेवरचा उतारा! साहेबाला वारा मिळे. पंखा फिरवणारा मात्र बाहेर घामाघूम.

विजेचा पंखा आल्यावर तो फिरवणारा माणूस गेला. अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखातही १९३० च्या दशकात याच तत्त्वाचे कूलर घरोघर दिसू लागले होते. आज विदर्भात आणि सौंसर-पांढुर्ण्यात खिडकीबाहेर जो पत्र्याचा कूलर दिसतो, तो या थर्मँटिडोटचाच वंशज. उन्हाळा आला की लोक अजून म्हणतात, "कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत." आपल्याला 'ताटी' म्हटले की मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आठवतात. तिथे ती झोपडीचे दार, इथे गारव्याचे दार!

आता माझी एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी नागपूरची थंडगार दुपार अनुभवून मी हौसेने गोव्यात कूलर घेतला. आठ दिवसांत डब्यातले पापड मऊ, भिंतीला ओल आणि आम्ही घामाने चिंब. दोष कूलरचा नव्हता. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते, एवढीच त्यातली जादू. हवा ४२ अंशांची पण कोरडी, आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. आपल्याकडे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली, तर तोच कूलर जेमतेम चार अंश उतरवणार आणि वर दमटपणा वाढवणार. प्रत्येक यंत्राला आपला मुलूख असतो, हे मला पैसे घालवून कळले.

एसीचा जन्मच मुळी दमटपणाशी भांडण्यातून झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने तोड काढली. आणि एसीचा 'टन' हे त्याचे वजन नव्हे बरे! एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एक टनाची ताकद. हे माप बर्फाच्या व्यापाराच्या काळातले. १८३३ साली बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ कलकत्त्याला उतरला होता, तो हाच व्यापार.

असो. सौंसरला पोहोचलो तर घराचा निम्मा निकाल लागलेला! घर दोन भावांचे. धाकट्याने आपल्या वाटणीचा माळा उतरवून पत्रे, फॉल्स सीलिंग आणि एसी बसवूनही टाकला होता. खोली दिसायला छान, गारही झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. अर्ध्या तासात त्या खोलीत बसवेना. धाकटे भाऊ काही न बोलता लेकराला उचलून या बाजूला, मातीच्या माळ्याखाली आले. एका भिंतीआड दोन वेगळे उन्हाळे होते.

त्या संध्याकाळी भाऊभावांत बोलणे झाले. धाकट्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. "मुलीचं शिक्षण आहे, पैसा हवा. आणि गिऱ्हाईक भिंत नाही पाहत, एसी पाहते." विकणाऱ्याची ही अडचण खरीच आहे. एसी डोळ्यांना दिसतो. माळ्यावरची माती दिसत नाही, अंगाला कळते.

मला सुचले ते सांगितले. उरलेला माळा काढू नका. कवेलू फेरून घ्या, लाकूड वाळवीपासून राखा, भिंतींना आतून मातीचा वा चुन्याचाच गिलावा द्या. बैठकीच्या खोलीला कूलरची जागा, पाण्याचा नळ आणि समोरची खिडकी उघडी, कारण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसती ओल करतो. त्याला दोनेकशे वॅट वीज लागते. दीड टनाचा एसी चालू असताना दीड हजारांच्या आसपास घेतो. पण कूलर पाणी पितो आणि जुलैत पाऊस लागला की तिकडेही निरुपयोगी, हेही खरे. म्हणून झोपायच्या एका खोलीत गरम-गार दोन्ही करणारा एसी बसवा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत ओढतो, त्यामुळे साध्या हीटरपेक्षा थंडीत बराच कमी खर्च. बाकीच्या दोन खोल्यांत फक्त वायरिंग, अर्थिंग आणि पाण्याच्या नळीला उतार देऊन ठेवा. घेणारा आपल्या मर्जीचा एसी लावील. तुम्ही आज घेतलेले यंत्र त्याच्या हाती जुनेच पडणार.

आणि गिऱ्हाईक बघायला बोलवाल ते दुपारी दोनला, अशी एक सूचनाही केली. साडूभाऊ हसले. धाकटे नाही हसले, पण थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "उतरवलेली माती परसात पडून आहे. ती परत चढवता येईल का हो?"

मिस्त्रीला विचारले. तो म्हणाला, माती चढवता येईल, पण तक्तपोशीचे सागवान केव्हाच विकले गेले.

गोव्यात परतलो. आमच्या आळीतही नळे उतरवून स्लॅब घालायचे काम सुरू आहे. चिऱ्यांच्या भिंतींवर स्लॅब, स्लॅबखाली एसी. शेजाऱ्यांनी सहज विचारले, "तुम्ही कधी घालताय?" मी वर नळ्यांकडे पाहिले आणि म्हटले, सध्या पावसाआधी फेरून घेतो.